काळ्या शालीखालचा कोट

प्लातानाकी, १२ फेब्रुवारी १९८४

प्रिय लेमोनिया,

तुमच्या तारेला तारेनेच उत्तर दिलं, पण तारेत मावतं किती! फोन करावा तर कॉफीवाल्याकडे सगळं गाव कान लावून बसतं. म्हणून हे पत्र.

आधी एवढं वाच. तुझी आई जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि काल सूप पांचट झालं म्हणून तिने नर्सला सुनावलंसुद्धा. आता पाठीला उशी नीट टेकवून घे. डॉक्टरांनी तुला बाळंतपणापर्यंत पलंगावरून उतरायला बंदी केली आहे, तेव्हा तू उठून धावणार नाहीस या भरवशावर लिहिते. तिचा उजवा पाय गेला. गुडघ्याखालून कापावा लागला.

गुरुवारी दिवेलागणीला ती शहरातून बसने आली. आपला थांबा तुला माहीत आहे. चिनाराखाली एक फळी, ना दिवा, ना रस्त्यावर पट्टे. घरं इकडे, थांबा तिकडे, मधून हमरस्ता. बस निघून गेली, ती रस्ता ओलांडायला लागली, आणि संत्र्यांनी भरलेला एक ट्रक उत्तरेकडे निघाला होता तो आला. गाव लागलं की वेग कमी करायचा असतो हे त्या मेल्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आवाज ऐकून सगळ्यांच्या आधी मीच पोचले. माझं घरच तिथे. रस्ताभर संत्री सांडली होती. एका गोष्टीची तू अजिबात काळजी करू नकोस. मी माझी शाल काढून तिच्यावर घातली, मानेपासून खालपर्यंत. गाव जमेपर्यंत ती नीट झाकलेली होती. रुग्णवाहिकेतही मी कोणाला हात लावू दिला नाही. पोलिसाने विचारलं, बाईच्या अंगावर काय होतं? मी म्हटलं, माझ्या भावाची विधवा आहे ती, काय असणार अंगावर? काळं. त्याने लिहून घेतलं. एप्रिलमध्ये तुझ्या बाबांना, स्टेर्गियोसला, जाऊन तीन वर्षं होतील. रिवाजाप्रमाणे तेव्हा त्याची हाडं थडग्यातून वर काढून, धुऊन पेटीत ठेवेपर्यंत तरी आपल्या घराबद्दल कोणाला तोंड उघडायला जागा मिळायला नको.

आई म्हणते, माझं सोड, तू पडून राहा.

तुझी आत्या,
असिमीना


श्टुटगार्ट, २६ फेब्रुवारी १९८४

आत्या,

तुझं पत्र तुझ्या जावयाने, अर्गिरिसने, दोनदा वाचून दाखवलं, मग मी हिसकावून घेतलं. माझी आई पाय गमावून तिकडे पडली आहे आणि मी इथे छताकडे बघत पडले आहे. गेल्या आठवड्यात मी हट्टाने उठले, बॅग भरायला घेतली, आणि पुन्हा रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उठलात तर मूल राहणार नाही. आईला हे सांगू नकोस.

अर्गिरिसच्या कारखान्यात युनियनचा वकील आहे. तो म्हणतो, ट्रकच्या विमा कंपनीकडून नुकसानभरपाई मागायचीच, गप्प बसायचं नाही. इथे पाय फार चांगले बनवतात. वाकतो, चालता येतं, लांब स्कर्टखाली कळतही नाही म्हणे. पण स्वस्त नसतात. ती पैशांविना राहिली तर उरलेला जन्म खिडकीत बसून काढेल. आईला तू ओळखतेस. तिला खिडकीत बसवणं म्हणजे तिला मारणंच.

एक सांग, गुरुवारी ती शहरात कशाला गेली होती? बाजार तर शनिवारी असतो.

आणि नाताळला मी पाठवलेला पिवळा कोट? प्रत्येक पत्रात मी तिच्यामागे लकडा लावला होता, ‘तो घालून फोटो काढून पाठव, रंगीत पाठव.’ तिला म्हणावं, राहू दे आता फोटो. तू फक्त बरी हो.

तुझी,
लेमोनिया


प्लातानाकी, २० मार्च १९८४

लेमोनिया,

आई घरी आली, म्हणजे माझ्या घरी. चुलीजवळ पलंग टाकला आहे. ती दिवसभर मला स्वयंपाक शिकवते. चाळीस वर्षं मी काय दगड शिजवत होते कोण जाणे.

कंपनीचा माणूस येऊन गेला. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. मी कॉफी केली, बशीत बिहीचा मुरंबा दिला. दोन्ही संपवलं, ओठ पुसले आणि मग कागद काढून वाचायला लागला. बाई संध्याकाळच्या अंधारात, बिनदिव्याच्या रस्त्यावर, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत चालत होत्या. त्या दिसणं ड्रायव्हरला शक्यच नव्हतं. तेव्हा बहुतेक चूक त्यांचीच. माणुसकी म्हणून कंपनी थोडंसं काही देईल. ते ‘थोडंसं’ ऐकून मला त्याच्या पोटातला मुरंबा परत मागावासा वाटला.

मी विचारलं, विधवेने मग काय घालावं, सर्कशीतल्या विदूषकाचे कपडे? तर म्हणाला, ‘मावशी, काळं होतं हे तुम्हीच तर पोलिसांना सांगितलंत.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पलंगावरून तुझी आई माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, नको म्हणून.

वकील केला आहे. तो म्हणतो, कोर्टात जाऊ, पण काळ्या कपड्यांचं हे कलम आपल्याला नडणार.

गुरुवारचं विचारतेस, तर औषधं आणायला गेली होती.

आत्या


श्टुटगार्ट, २ एप्रिल १९८४

आत्या,

मला आज फार राग आला आहे आणि तो तुझ्यावरच काढणार आहे, कारण दुसरं कोणी समोर नाही.

माझ्या आईला ट्रकने पाडलं, पण त्याच्या पुढ्यात तिला काळं गुंडाळून कोणी उभं केलं? तुम्ही. तू, पाद्रीबुवांच्या बायकोने, चर्चबाहेर बाकावर बसून कोणाच्या बाह्या किती लांब आहेत ते मोजणाऱ्या सगळ्या जणींनी. बाबांवर तुमचा सगळ्यांचा जीव होता, मान्य. माझा नव्हता? पण बाबा तिला काळ्यात बघून खूश झाले असते का? त्यांनीच तर तिला लग्नात पिवळ्या फुलांचा रुमाल आणला होता. म्हणून मी पिवळा कोट शोधला. तीन दुकानं फिरले.

तो कोट तिने एकदाही घातला नसणार. घालेल कशी, तुझी भीती! पेटीत तळाला ठेवून वर डांबरगोळ्या टाकल्या असतील. तो तिने घातला असता ना आत्या, तर त्या माणसाला ती अर्ध्या मैलावरून दिसली असती, आणि आज ती दोन पायांवर उभी असती. तिने माझं एवढंही ऐकलं नाही.

हे तिला वाचून दाखवलंस तरी चालेल.

लेमोनिया


प्लातानाकी, २९ एप्रिल १९८४

लेमोनिया,

तुझं पत्र वाचून दाखवलं. मी मध्येच थांबले होते, पण तुझ्या आईला अक्षर येत नसलं तरी माझा चेहरा वाचता येतो. म्हणाली, ‘पुढे वाच.’ शेवटपर्यंत ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिकडूनच म्हणाली, ‘बरोबर आहे पोरीचं.’

मी उत्तर लगेच लिहायला घेतलं होतं. तिने लिहू दिलं नाही.

काल स्टेर्गियोसची हाडं वर काढली. ती येऊ शकत नव्हती, म्हणून मी एकटीनेच लाल वाइनने धुतली. स्वच्छ निघाली, पाद्री म्हणाले, आत्म्याला शांती आहे. तुझ्या बाबांचं कपाळ माझ्या दोन्ही हातांत मावलं. लहानपणी ताप आला की मीच त्यावर ओला फडका ठेवायचे.

घरी आल्यावर तुझी आई म्हणाली, ‘वन्सं, झालं ना सगळं? मग तो कोट द्या माझ्या अंगावर.’ मी पेटीतून काढला, तिच्यावर पांघरला. ती त्याची बाही गालाखाली घेऊन झोपली आहे. तिला थोडा ताप आहे. जखम लाल दिसते. उद्या डॉक्टर येतील.

आत्या


श्टुटगार्ट, ८ मे १९८४

आत्या,

कोट तिच्या अंगावर आहे हे वाचलं आणि मी रडले, मग हसले. उशिरा का होईना, घातला! माझ्या मागच्या पत्राची मला लाज वाटते. तिला सांग, लेमोनियाचं डोकं पडून पडून फिरलं होतं. सांग की मी तिच्यावर रागावलेली नाही, कधीच नव्हते. हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाचून दाखव, जेवण चुलीवर असलं तरी उतरवून ठेव आणि आधी वाच.

तिने पलंगावरच कोट घालावा, तू केस विंचरून दे, आणि तसाच फोटो काढा. पाय फोटोत आला नाही तरी चालेल.

ताप उतरला ना?

लेमोनिया


प्लातानाकी, १५ जुलै १९८४

माझ्या लेमोनिया,

मुलगी झाल्याची तार मिळाली. आईचंच नाव ठेवलंत, कालिरोई, चांगलं केलंत. घरात ते नाव घेऊन हाक मारायला पुन्हा कोणीतरी आहे.

तुझी आई अकरा मेला गेली. ती तार तुला अर्गिरिसने चार दिवस दाखवली नाही, त्याबद्दल त्याच्यावर रागावू नकोस, मीच तसं कळवलं होतं. तुझं आठ तारखेचं पत्र आलं तेव्हा तिला मातीत ठेवून दोन दिवस झाले होते. मी जेवण चुलीवरून उतरवलं, कबरीवर गेले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तू वाचायला सांगितलं होतंस, मी वाचलं.

आता तुम्ही दोघी सुखरूप मोकळ्या झालात, म्हणून एक गोष्ट लिहिते. तुझ्या आईने मला शपथ घातली होती. पण ती गेली, आणि ती शपथ पोटात घेऊन मला झोप लागत नाही. बस आणि वाच.

त्या गुरुवारी तिने तुझा कोट घातला होता.

ती औषधं आणायला गेली नव्हती. शहरात पांडेलिसच्या स्टुडिओत फोटो काढायला गेली होती, तुझ्यासाठी. जाताना काळ्या कोटात गेली, पिवळा पिशवीत. तिकडे बदलला. गावाला कळू नये म्हणून बाजाराचा दिवस सोडून गेली आणि अंधार पडता पडता परतली. पोरी, मी धावत गेले तेव्हा त्या अर्धवट उजेडात रस्त्यात काही दिसत असेल तर तो कोटच दिसत होता. संत्री त्याच्यापुढे फिकी होती. त्या ड्रायव्हरला दिसलं नाही, कारण तो बघतच नव्हता.

आणि मी काय केलं? ती कण्हत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, माझ्या भावाची हाडं अजून जमिनीत आहेत आणि लोक हिला पिवळ्यात बघतील. मी शाल टाकली, आणि इस्पितळात कोटही मीच उतरवून पिशवीत कोंबला. मला वाटलं मी तिची अब्रू झाकते आहे. कंपनीच्या हातात कोलीत दिलं ते मी.

कंपनीचा माणूस आला त्या रात्रीच मी तिला म्हटलं, उद्या पोलिसांकडे जाते, कोट टेबलावर ठेवते, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. तर ती म्हणाली, ‘गावाचं मला काही नाही, वन्सं. पण मग लेमोनियाला कळेल मी कशासाठी गेले होते. ती जन्मभर म्हणेल, मी फोटो मागितला म्हणून आईचा पाय गेला. पोटात मूल आहे तिच्या. माझी चूक म्हणू देत त्यांना. मला काय, एका पायाने मी चूल सांभाळीन.’

मग तुझं ते रागाचं पत्र आलं. मी म्हटलं, आता तरी सांगू दे. ती म्हणाली, ‘मी तिचं ऐकलं नाही असं वाटून ती रागावली तर राग जाईल. ते दुसरं जायचं नाही.’

आता सांग, हे मी तुला लिहायला हवं होतं की नको? मला ठरवता आलं नाही. पण ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहतो आहे. मी गप्प राहिले तर निकालात लिहिलं जाईल की कालिरोई स्वतःच्या चुकीने मेली. तिला ते चाललं असतं. मला चालत नाही. पण हे गुपित ती तुझ्यासाठी राखून गेली, तेव्हा ते तुझं आहे. तू नको म्हणालीस तर मी तोंडातून शब्द काढणार नाही.

तुझी आत्या


श्टुटगार्ट, ९ ऑगस्ट १९८४

आत्या,

तीन वेळा लिहायला बसले आणि फाडून टाकलं.

ती मला ओळखत होती. तसंच झालं आहे, अगदी ती म्हणाली होती तसंच. मुलीला पाजताना मनात येतं, एक फोटो. मला आईचा चेहरा काय पाठ नव्हता? कशाला हवा होता मला फोटो?

अर्गिरिस म्हणतो, तुझा काय दोष, दोष ट्रकचा. मी म्हणते, हो. पण मग रात्री झोप लागत नाही ती नाहीच.

माझ्या त्या पत्रानंतर तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. एवढं एक जर परत घेता आलं असतं.

तू कोर्टात सांग. सगळं सांग, फोटोचंही. तिने माझं ऐकलं होतं हे एकदा तरी कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

लेमोनिया


प्लातानाकी, ३ नोव्हेंबर १९८४

माझ्या बाळा,

झालं.

निम्मं गाव बस भरून आलं होतं, पाद्रीबुवांची बायको पुढच्या बाकावर. मी उभी राहिले. पिशवीतून कोट काढला. धुऊन धुऊनही बाहीवरचा डाग गेलेला नाही. मी तो दोन्ही हातांनी वर धरला. म्हटलं, ‘हे होतं तिच्या अंगावर. पोलिसांना मी खोटं सांगितलं.’

मागे कोणीतरी छातीवर क्रॉस काढत ‘देवा गं’ म्हणालं.

कंपनीचा वकील लगेच उठला. ‘तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं बोलता कशावरून?’ मी म्हटलं, ‘तेव्हा मला गावाची भीती होती, साहेब. आज ते सगळं गाव इथेच बसलं आहे, बघा.’

न्यायाधीश बाई होत्या, तरुण, तुझ्याएवढ्या. त्यांनी विचारलं, ‘विधवा बाईंनी तो रंग का घातला होता?’ मी म्हटलं, ‘लेकीने सांगितलं म्हणून. तिचं ऐकलं त्यांनी.’ हे मी मोठ्याने म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं नसतानाही पुन्हा म्हटलं.

मग पांडेलिस आला. हातात तिचा काळा कोट. तो स्टुडिओतच राहिला होता, घाईत विसरली असं मला वाटायचं, हे मी तुला लिहिलं नव्हतं. तो म्हणाला, ‘बस आली म्हणून बाई पळाल्या. मी काळा कोट घेऊन मागे धावलो. त्या दारातून हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे, शनिवारी नेईन, आज हाच घालून जाते.’ म्हणजे ती विसरली नव्हती, लेमोनिया. तिला तो काढवेना. एवढ्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं कोणी, तर पांडेलिसने.

निकाल लागला. चूक सगळी ट्रकवाल्याची. कालिरोईच्या नावापुढे काही नाही. कंपनीला पूर्ण भरपाई द्यावी लागेल. ज्या पैशांत पाय यायचा होता त्यांचं काय करायचं ते तू ठरव. बाहेर पडताना पाद्रीबुवांची बायको माझ्याजवळ आली. मी कंबर कसून तयार होते. तिने नुसती कोटाची बाही हातात घेतली, कापड चाचपलं आणि म्हणाली, ‘ऊबदार आहे गं.’ आणि निघून गेली.

थांब्यावर अजून दिवा नाही. आम्ही तिथे तिच्या नावाचं छोटं लोखंडी देवघर उभारलं आहे. त्यात तेलाची पणती लावते, तेवढाच उजेड.

सोबत फोटो पाठवते. रंगीत फोटो धुवायला दूर लारिसा शहरात जातो, म्हणून त्या दिवशी तिला तो हातात मिळाला नव्हता. पांडेलिसने मार्चमध्ये आणून दिला. तेव्हापासून तिच्या उशीखाली होता, मग कोर्टात. डोक्याचा काळा रुमाल तेवढा तिने काढला नाही, माझी आठवण झाली असणार. पण बाकी बघ. बटणं गळ्यापर्यंत लावली आहेत, पाय जुळवून बसली आहे, दोन्ही पाय, आणि थेट तुझ्याकडे बघते आहे.

तीन वर्षांनी तिची हाडं वर काढायची. ती मी एकटीने धुणार नाही, तू ये. पोर तेव्हा चालत असेल. शहरातून याल तर त्याच थांब्यावर उतराल. बस पूर्ण निघून जाऊ द्या, दोन्हीकडे बघा, पोरीचा हात सोडू नकोस. मी इकडच्या कडेला उभी असेन. काळं कोणी घालू नका. तिला पिवळं घाल.

तुझी आत्या,
असिमीना